तडा गेला, सांधायचा की बदलायचा?

मागचं चाक वळणावर किंचित डुलतं, खड्ड्यातून गेलं की सीटखालून ‘कट्’ असा आवाज येतो, साखळी एका बाजूने घासते. अशी मोटारसायकल गॅरेजात आली की मेकॅनिक ती मधल्या स्टँडवर घेतो, चाक काढतो, चिमट्यावरची चिखल-ग्रीसची पुटं डिझेलच्या फडक्याने पुसतो आणि जोडाच्या कडेला केसासारखी रेघ दिसते. चिमटा म्हणजे स्विंगआर्म, मागचं चाक धरणारा आणि चाकासोबत वरखाली होणारा भाग. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : वेल्डिंग मारून भागेल का, की नवा टाकावा लागेल? नवा भाग महाग असतो, मागवावा लागतो, तोवर गाडी उभी राहते. वेल्डिंग शेजारच्या शेडमध्ये चहा संपेपर्यंत होतं.

हाच प्रश्न पुण्याजवळच्या हिंजवडीच्या सोसायट्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरचालकाला पाटा, म्हणजे आसावरच्या कमानी स्प्रिंगची पट्टी, मोडल्यावर पडतो. चाकणहून माल घेऊन निघालेल्या ट्रकवाल्याला चेसिसला चीर गेल्यावर पडतो. कॅनडातल्या माणसाला त्याच्या स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या स्कूटरचा, सस्पेन्शन-रूळ तडकल्यावरही तोच पडतो. उत्तर मात्र सगळीकडे सारखं नाही. केवळ रेघ किती लांब आहे यावर ते ठरत नाही. धातू कोणता, त्याला ताकद कशी आणली होती आणि तडा गेला कशामुळे, या तीन गोष्टींवर ठरतं. त्या न विचारता मारलेलं वेल्डिंग पुष्कळदा तडा झाकतं आणि भाग आणखी कमजोर करतं.

पहिल्यांदा तडा जातो कसा ते पाहू. एवढा जाड लोखंडी भाग एका खड्ड्याने मोडेल कसा, असं आपल्याला वाटतं. तो एका खड्ड्याने मोडलेला नसतोच. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. आसावर पेलवणार नाही असा भार त्या दिवशी पडला नव्हता. रोजच्याच भाराने तो आतून चिरत गेला होता. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने १८५०च्या दशकापासून १८७० पर्यंत आस पुन्हा पुन्हा वाकवून मोडायची यंत्रं बांधली आणि प्रयोगांची मालिकाच केली. त्याने दाखवलं की धातू मोडायला किती ताण पडतो याच्याइतकंच तो किती वेळा पडतो हेही महत्त्वाचं आहे. एका दणक्यात जो भार सहज पेलला जातो, तोच लाखो वेळा आला की धातू थकतो. अभियांत्रिकीत याला धातूचा थकवा म्हणतात.

लाखो हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण वाहनाच्या आयुष्यात तो लवकर गाठला जातो. रेल्वेचं चाक एक मीटर व्यासाचं धरलं तर एका किलोमीटरमध्ये ते तीनशेहून अधिक फेऱ्या घेतं आणि प्रत्येक फेरीत आस एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. एक लाख किलोमीटरमध्ये हे तीन कोटींहून अधिक वेळा घडतं. मोटारसायकलचं मागचं सस्पेन्शन सेकंदाला एक-दीड वेळा हलतं असं धरा. मोशीहून हिंजवडीला रोज तासभर जाणं आणि तासभर येणं असेल, तर चिमट्याला दिवसाला सात ते अकरा हजार हेलकावे बसतात. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर ते अठरा ते सत्तावीस लाख होतात. त्यातले बहुतेक किरकोळ असतात. थोडेच, म्हणजे गतिरोधक, गटाराची झाकणं आणि मेट्रोच्या कामाने उखडलेले पट्टे, खरं नुकसान करतात.

हे नुकसान सगळीकडे सारखं पसरत नाही. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली गणिताने दाखवलं की ताणाखालच्या पत्र्यात साधं गोल भोक असलं तरी भोकाच्या काठावरचा ताण बाकीच्या पत्र्याच्या तिप्पट होतो. भोक लांबट आणि टोकाला निमुळतं असेल, तर हा गुणाकार आणखी वाढतो. तडा म्हणजे अत्यंत निमुळतं भोकच, म्हणून तो एकदा सुरू झाला की स्वतःच स्वतःला पुढे नेतो. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट जेट विमानं हवेत फुटली. तपासात हेच सापडलं : दर उड्डाणात विमानाची केबिन फुगत होती आणि आक्रसत होती, आणि छत-खिडक्यांसाठी कापलेल्या चौकोनी झरोक्यांच्या कोपऱ्यांजवळ, भोकांच्या काठांवर, पत्रा थकत चालला होता. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोल असतात.

म्हणून वाहनाचा तडा शोधायचा तर भोकं, कोपरे आणि जोड यांच्याकडे पाहायचं. चिमट्यात तो वेल्डच्या कडेला, आसाच्या खाचेच्या टोकाला किंवा शॉक ॲबसॉर्बर बसतो त्या कानाशी सापडतो. पाट्यात मधल्या भोकाशी, चेसिसमध्ये पाट्याच्या ब्रॅकेटभोवती.

स्नोमोबाइलच्या रुळाचा तडाही या नियमाला अपवाद नाही. हे वाहन १९५९ साली क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांच्या ‘स्की-डू’मुळे घराघरांत पोचलं. आपल्याकडे गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलंगला गेलेल्या मराठी पर्यटकांनी त्यावर फेरी मारलेली असते, आणि सियाचीनच्या हिमनदीवर लष्कर स्नो स्कूटर वापरतं. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा. त्या पट्ट्याच्या आत ॲल्युमिनियमचे दोन समांतर रूळ असतात आणि वाहनाच्या मागच्या भागाचा सारा भार त्यांच्यावरून पट्ट्यावर उतरतो. रुळांच्या तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांवरून रबरी पट्टा सरकतो आणि बर्फ त्यांना वंगण आणि गारवा दोन्ही देतं. रुळात सस्पेन्शनच्या दांड्यांसाठी, शॉकसाठी आणि लहान चाकांसाठी ठिकठिकाणी भोकं असतात. तडे तिथेच जातात. काही वेळा रूळ पुढे वर वळतो त्या बाकावरही. पुष्कळांना वाटतं की उणे तीस अंशांच्या थंडीने धातू ठिसूळ होत असेल. साध्या पोलादाच्या बाबतीत ही भीती खरी आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या बाबतीत ती नाही, कारण त्यांचा चिवटपणा थंडीत असा एकाएकी गळून पडत नाही. रूळ तडकतो तो उंचवट्यावरून उडवलेल्या गाडीच्या आदळण्याने, सैल बोल्टने आणि थकव्याने. कारण कळलं की उपायाची दिशा बदलते. बोल्ट सैल राहून भोक अंडाकार झालं असेल, तर नुसता रूळ बदलून दुसऱ्याच हंगामात तीच वेळ येणार.

मोडलेला भाग हातात आला की त्याचं तोंड वाचता येतं आणि हे प्रत्येक वाहनमालकाला जमण्यासारखं आहे. थकव्याने गेलेल्या तुकड्यावर दोन वेगळे प्रदेश दिसतात. एक गुळगुळीत, बहुधा काळपट किंवा गंजलेला, आणि त्यावर एका बिंदूभोवती कमानीसारख्या रेषा, ओहोटीचं पाणी उतरताना वाळूवर उमटतात तशा. त्या रेषांचा केंद्रबिंदू म्हणजे तड्याचं जन्मस्थान. दुसरा प्रदेश खडबडीत आणि चकचकीत असतो. उरलेला धातू शेवटच्या क्षणी एकदम तुटला तो हा. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत भाग लहान असेल, तर भार फार नव्हता पण चीर खूप दिवस चालली होती. उलट असेल तर भार जबर होता. गाडी आपटली म्हणून भाग मोडला की भाग मोडला म्हणून गाडी आपटली, या वादात हा तुकडा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. तो पुसू नका, घासू नका, दोन तोंडं एकमेकांवर ठेवून बघू नका. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा.

आता मुख्य प्रश्न. ॲल्युमिनियमपासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ड्यूक मोटारसायकलींचा चिमटा ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. महागड्या गाड्यांत सस्पेन्शनचे हात, चाकं, इंजिनाचे पाळणे असे कितीतरी भाग ॲल्युमिनियमचे येऊ लागले आहेत. पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनात ते काम करतात. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. त्याला ताकद येते ती मिश्रणाने आणि उष्णतेच्या संस्काराने. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड व्हिल्म याला १९०६ साली आढळलं की तापवून पाण्यात विझवलेला ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू काही दिवस नुसता पडून राहिला तरी आपोआप कठीण होतो. धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि थरांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६०६१ या मिश्रधातूला सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवतात, झटकन विझवतात, मग १६०–१७५ अंशांच्या भट्टीत आठ ते अठरा तास मुरवतात. या अवस्थेला टी६ म्हणतात. तिची ओढताण-ताकद सुमारे ३१० मेगापास्कल असते.

आता या भागावर वेल्डिंग मारा. भोसरीत ज्याला सगळे आर्गन वेल्डिंग म्हणतात, ते उत्तम कारागिराने केलं, तरी जोडालगतचा सुमारे इंचभर पट्टा इतका तापतो की भट्टीत तासन्‌तास मुरवून आणलेली कणांची ती रचना बिघडते. वेल्डिंगच्या मानकांत अशा जोडाची ताकद १६५ मेगापास्कलच्या आसपास धरतात, म्हणजे मूळच्या साधारण निम्मी. जोड चकाकतो, कारागिराची सफाई दिसते, पण त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ पट्टा तयार झालेला असतो. गंमत म्हणून नाही, अनुभव म्हणून कारागीर सांगतात की ‘वेल्डिंग सुटलं नाही, बाजूने फाटलं’. ते खरंच असतं आणि त्याचं कारण हे आहे.

ही ताकद परत आणता येते का? येते, पूर्ण भाग पुन्हा ५३० अंशांना तापवून, विझवून, मुरवून. पण तसं करताना लांबडा भाग पिळवटतो, आणि चिमट्याला किंवा रुळाला दोन-तीन मिलिमीटरचा पीळही चालत नाही. शिवाय ॲल्युमिनियम वेल्ड करणं मुळात कठीण. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांनंतर. तो नीट काढला नाही तर जोडाच्या आत अडकतो आणि नव्या तड्याला जागा करून देतो. लोखंडासारखा तो वितळण्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही. ओतीव भागात हवेचे बारीक पोकळ बुडबुडे असतात आणि दाबाने ओतलेल्या भागांत विशेषच. वेल्डिंगच्या उष्णतेने ते फुगतात. आणखी एक मूलभूत फरक आहे. पोलादाला बहुतेक वेळा ताणाची एक पायरी असते, जिच्या खाली ते कितीही हेलकावे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी ठळक पायरी नाही. लहान ताणही पुरेशा वेळा आला तर त्याचा हिशेब होतो.

म्हणून माझा निर्णय स्पष्ट आहे. ॲल्युमिनियमचा चिमटा, सस्पेन्शनचा हात किंवा चाक यांना तडा गेला तर बदला. सायलेन्सरचं कव्हर, इंजिनाच्या बाजूचं झाकण, पाय ठेवायची पट्टी यांना आर्गन वेल्डिंग खुशाल करा.

स्नोमोबाइलच्या रुळाबाबत बर्फाळ देशांत एक मधली वाट वापरतात आणि ती शिकण्यासारखी आहे. तडा लहान असेल तर त्याच्या टोकाला तीन ते सहा मिलिमीटरचं भोक पाडतात. तड्याच्या सुईसारख्या टोकापेक्षा गोल भोकाचा काठ पुष्कळ सुसह्य असतो. मग दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची लांब पट्टी बोल्टने कसतात. यात उष्णता नाही, म्हणून धातूची ताकद जात नाही, आणि भार पट्टीवरून पलीकडे जातो. मात्र पट्टी तड्याच्या बरीच पलीकडे जावी लागते, तिची टोकं निमुळती ठेवावी लागतात आणि नवी भोकं काठाजवळ घ्यायची नसतात. जंगलात अडकलेली गाडी घरी आणायला, हंगाम काढायला हे चालतं. तडा भोकापासून भोकापर्यंत गेला असेल किंवा रूळ वाकला असेल तर रूळ बदलतात आणि दुसरा रूळही तपासतात, कारण तोही तेवढेच हेलकावे खाल्लेला असतो.

साध्या पोलादाची गोष्ट वेगळी. रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारसायकलींचा चिमटा पोलादी नळ्यांचा आणि कारखान्यातच वेल्ड केलेला असतो. त्यात कार्बन कमी, ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो वेल्डिंगला साथ देतो. इथे सांधणं शक्य आहे. पण तड्यावरून रॉड ओढून वर रंग मारणं म्हणजे सांधणं नव्हे. आधी रंग पूर्ण काढायचा. तड्याचं खरं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे ते गेलेलं असतं. टोकाला भोक पाडायचं. चीर ग्राइंडरने इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात तळापर्यंत उघडायची, म्हणजे वेल्ड तळापासून भरतं. बॅटरी सोडायची, नाहीतर आजच्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जळू शकतं. आस आणि धुरीचा, म्हणजे चिमटा ज्याभोवती हलतो तो, बोल्ट बसवून नळ्या सरळ धरून मगच टाके मारायचे, कारण थंड होताना वेल्ड धातू ओढतं आणि चाकाची रेष बिघडते. शेवटी वेल्डचा उंचवटा घासून गुळगुळीत करायचा. वर पट्टी लावायची असेल तर ती चौकोनी कापू नका. टोकं निमुळती ठेवा आणि ताणाच्या दिशेला आडवी अशी वेल्डची रेघ पट्टीच्या टोकाला मारू नका.

हा शेवटचा मुद्दा मी जोर देऊन सांगतो, कारण तो चुकला की पट्टीच नव्या तड्याची जननी होते. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेचा ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता तेलफलाट कलंडला आणि १२३ माणसं बुडाली. फलाटाच्या एका आडव्या नळीत पाण्याखालचा आवाज टिपणारं उपकरण बसवण्यासाठी एक आधार वेल्ड केला होता. ते वेल्ड अवघं सहा मिलिमीटरचं होतं. भार पेलण्यासाठी नव्हे, तर एक किरकोळ वस्तू धरण्यासाठी ते होतं, म्हणून कुणी त्याकडे भार पेलणारा जोड म्हणून पाहिलं नाही. थकव्याचा तडा तिथून सुरू झाला आणि नळी गेली. हायड्रॉलिक जॅक, टूलबॉक्स, जादा टाकी असं काहीबाही ट्रकच्या चेसिसला सहज वेल्ड करून टाकणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत चेसिसच्या वरच्या-खालच्या पाखांना भोक पाडू नका, वेल्ड मारू नका असं लिहिलेलं असतं, ते यासाठी. चेसिस वाकताना सगळ्यात मोठा ताण त्या पाखांवरच असतो. मधल्या उभ्या भागात, ठरवून दिलेल्या जागी, बोल्टने जोडायचं.

पाटा हा तिसरा प्रकार आणि त्याचं उत्तर सर्वांत सोपं : पाट्याला कधीही वेल्डिंग नको. पाट्याचं पोलाद वेगळं असतं. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक, सिलिकॉन किंवा क्रोमियमची जोड. तापवून, तेलात विझवून, पुन्हा मंद तापवून त्याला लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या ठिणगीने त्याचा काठ क्षणात तापतो, आजूबाजूचं थंड पोलाद ती उष्णता खेचून घेतं आणि तो पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. पाट्यावर पाना-हातोडी ठेवून वेल्डिंगचा अर्थिंग केबल अडकवला आणि तिथे ठिणगी उडाली, तर तेवढा ठिपकाही पुढे चिरतो. चांगल्या कारखान्यात पाट्याच्या ताणाखालच्या बाजूवर पोलादी छर्‍यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग दाबला जातो, आणि दाबाखालच्या पृष्ठभागावर तडा सहजासहजी सुरू होत नाही. रस्त्याकडेच्या भट्टीत पाटा लालबुंद करून हातोड्याने पुन्हा कमान दिली की विझवणं-मुरवणं आणि छर्‍यांचा मारा, दोन्हींचा फायदा संपतो. गाडी काही दिवस उंच दिसते, एवढंच.

पाटा मधल्या भोकाशी मोडला असेल, तर आधी यू-बोल्ट बघा. ते घट्ट असतील तर मधला भाग आसाला आवळलेला राहतो आणि भोकापर्यंत वाकण्याचा ताण पोचतच नाही. सैल असतील तर सगळा ताण भोकावर येतो. नवा पाटा टाकून जुनेच ताणलेले यू-बोल्ट लावले, तर नवा पाटाही तिथेच जाणार. नवीन पाटा घातल्यानंतर काही अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा कसायचे असतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात.

जादा भाराचं गणित इथे स्पष्ट मांडायला हवं. वेल्ड केलेल्या पोलादी जोडाचं आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं. ताण २० टक्के वाढला की १.२ चा घन १.७३, म्हणजे आयुष्य ५८ टक्क्यांवर. ताण दीडपट झाला की आयुष्य तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. १० हजार लिटरच्या टँकरमध्ये १० टन पाणी असतं. त्यावर ‘एवढं भरू’ म्हणून टाकलेल्या दोन हजार लिटरचा भाव पाटा, ब्रॅकेट आणि चेसिस असे तिघे मिळून देतात. अर्धवट भरलेला टँकर आणखी त्रास देतो. आतल्या आडभिंती कमी असतील तर ब्रेक मारताच पाणी पुढे धडकतं आणि मागे येतं. भार जास्त आहे म्हणून पाटा वाढवायची पद्धत सर्रास आहे. पाटा वाढला की कमान ताठ होते, गाडी बसत नाही हे खरं. पण तो दणका मग चेसिसच्या ब्रॅकेटकडे जातो आणि तडा पाट्यातून उठून चेसिसमध्ये जातो. पाटा बदलता येतो, चेसिस बदलणं म्हणजे गाडी बदलणं.

हे सगळं पिंपरी-हिंजवडी-चाकणच्या या पट्ट्यात कागदावर आणि यंत्रावर रोज मोजलं जातं, ही इथली खरी श्रीमंती आहे. पिंपरीत टाटांचे ट्रक बनतात, आकुर्डी-चाकणला बजाजच्या गाड्या. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय आहे आणि वाहनाचा भाग बनण्याआधी संगणकावर त्याचे हजारो-लाखो लहान तुकडे पाडून प्रत्येकावर ताण किती हे काढणारे अभियंते त्या परिसरात हजारोंनी आहेत. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, तिचं चाकणलाही केंद्र आहे. भोसरीत १९६७ साली स्थापन झालेली केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, म्हणजे सीआयआरटी, बसगाड्यांच्या भागांची चाचणी घेते. चाचणीची पद्धत मूळची व्योलरचीच आहे, साधनं नवी. गाडीवर ताण मोजणाऱ्या केसासारख्या पट्ट्या चिकटवून ती खऱ्या रस्त्यावर चालवतात, प्रत्येक हेलकाव्याची नोंद घेतात आणि मग हायड्रॉलिक यंत्रावर तेच हेलकावे दिवसरात्र देऊन वर्षांचा रस्ता काही आठवड्यांत चालवून पाहतात. मोठे आणि लहान हेलकावे एकत्र कसे मोजायचे याचा साधा नियम पामग्रेनने १९२४ साली आणि मायनरने १९४५ साली मांडला : प्रत्येक हेलकावा आयुष्याचा एक वाटा खर्च करतो, सगळे वाटे मिळून एक झाले की भाग संपला.

या नियमातून दुरुस्तीसाठी एक गोष्ट निघते. डिझाइन करणाऱ्याने चिमट्याला जे आयुष्य दिलं, ते त्या धातूच्या, त्या आकाराच्या, त्या जोडाच्या हिशेबाने. वेल्डिंग मारलं की तो भाग त्या हिशेबाबाहेर गेला. तो किती चालेल हे हिंजवडीतला अभियंता सांगू शकत नाही आणि भोसरीतला कारागीरही नाही. दोघांमध्ये अंतर वीस किलोमीटरचंही नाही, तरी कोणता भाग सांधायचा नाही ही माहिती त्या शेडपर्यंत पोचत नाही. ती कंपनीच्या पुस्तिकेत असते, तीही बहुधा इंग्रजीत. वाहन कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलसाठी ‘या भागांना वेल्डिंग नको, भोक नको’ असा एक पानी मराठी-हिंदी तक्ता छापून गॅरेजांना द्यावा, आणि भोसरी-चाकणच्या आयटीआयच्या वेल्डर अभ्यासक्रमात सस्पेन्शनच्या दुरुस्तीचा एक तास असावा. यात खर्च जवळजवळ नाही.

एकाच मॉडेलला एकाच जागी तडा जात असल्याचं अनेकांना दिसत असेल, तर तो दोष मालकाच्या चालवण्यात नसून भागात असण्याची शक्यता मोठी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आहे. त्याखाली सदोष वाहनं परत बोलवायला सरकार उत्पादकाला सांगू शकतं, आणि मालकांच्या तक्रारी हा त्याचा एक आधार आहे. अशा वेळी गुपचूप वेल्डिंग मारून पुरावा जाळण्यापेक्षा तड्याचा फोटो, किलोमीटरचा आकडा आणि बिल ठेवून लेखी तक्रार करावी.

घरच्या घरी तपासणी करता येते. भाग डिझेलने स्वच्छ करून कोरडा करा. संशयाच्या जागी रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुसून पूर्ण कोरडं करा आणि वर खडूची बारीक भुकटी किंवा स्पिरिटमध्ये कालवलेला खडू पातळ लावा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. रेल्वेच्या कारखान्यांत जुन्या काळी आस असेच तपासत. आज बाजारात लाल रंग आणि पांढऱ्या फवाऱ्याच्या बाटल्या मिळतात, तत्त्व तेच. रंगाच्या पापुद्र्यातून बाहेर आलेली गंजाची बारीक रेघ ही तर कुठल्याही द्रवाशिवाय दिसणारी खूण आहे. टायर बदलताना, साखळी-स्प्रॉकेट बदलताना चाक निघालेलंच असतं. तेव्हा दोन मिनिटं चिमट्याला द्या. धुरीचे बुश झिजलेले असतील तर ते आधी बदला, कारण सैल बुशमुळे चिमटा पिळला जातो आणि बरेच तडे तिथून सुरू होतात.

आणि भाग बदलला, तर जुना तडकलेला चिमटा किंवा पाटा तसाच भंगारात देऊ नका. भंगारातून तो वेल्डिंग आणि रंगाचा नवा हात घेऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसू शकतो. गॅरेजवाल्याला सांगून तुमच्यासमोर कटरने त्याचे दोन तुकडे करून घ्या, मगच वजनाला घाला.